जनरल मोटर्सने आपलीच ‘ईव्ही-१’ ही विजेची मोटार परत घेऊन का चिरडली? यामागे तेल कंपन्यांचा हात होता का?

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण चर्चा बहुतेक वेळा त्याचीच होते. तेल कंपन्यांनी कॅलिफोर्नियात विजेच्या मोटारींच्या वाटेत अडथळे आणले, हे खरे आहे. वीज कंपन्यांनी ग्राहकांच्या बिलातून सार्वजनिक चार्जिंग केंद्रे उभारू नयेत, यासाठी तेल कंपन्यांच्या संघटनेने नव्वदच्या दशकात बराच जोर लावला होता. तरीही ‘ईव्ही-१’ त्यांनी संपवली, असे मला वाटत नाही. ही मोटार एका नियमाच्या धाकाने रस्त्यावर आली आणि तो धाक सैल होताच रस्त्यावरून गेली. मी काही वर्षे पुण्यात मोटर-कंट्रोलर बनवणाऱ्या कारखान्यात काम केले आहे. त्यामुळे तांत्रिक बाजूकडे माझा ओढा जरा जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्टीची सुरुवात ऑस्ट्रेलियात होते. १९८७ मध्ये डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे ३,००० किलोमीटरची सौरमोटारींची शर्यत झाली आणि ती जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ने जिंकली. तिची रचना एअरोव्हायरनमेंट या छोट्या कंपनीची होती. या कंपनीचे संस्थापक पॉल मॅकक्रेडी म्हणजे १९७९ मध्ये केवळ पॅडल मारून इंग्लिश खाडी ओलांडणारे विमान ज्यांनी घडवले, ते गृहस्थ. याच मंडळींकडून कंपनीने विजेवर चालणारी दोन आसनांची मोटार करून घेतली आणि जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ती ‘इम्पॅक्ट’ या नावाने मांडली; ‘ईव्ही-१’चे मूळ रूप ते हेच. मोटारीला ‘आघात’ असे नाव देण्याची कल्पना कोणाला सुचली असेल, याचे मला आजही नवल वाटते. एप्रिलमध्ये कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी ही मोटार बाजारात आणण्याचे जाहीर करून टाकले.

ही घोषणा कंपनीला चांगलीच महागात पडली. कॅलिफोर्नियाच्या वायू संसाधन मंडळाने (राज्यातील हवेच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम केला की, राज्यात सर्वाधिक मोटारी विकणाऱ्या सात कंपन्यांच्या विक्रीत १९९८ पर्यंत २ टक्के, २००१ पर्यंत ५ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के मोटारी धूर अजिबात न सोडणाऱ्या असल्या पाहिजेत. अशी मोटार बनवता येते, हे खुद्द जनरल मोटर्सनेच जगाला दाखवले असल्यामुळे मंडळाला हे धाडस झाले. त्यानंतरची दहाबारा वर्षे ही कंपनी एका हाताने मोटार विकसित करत होती आणि दुसऱ्या हाताने नियमाविरुद्ध लढत होती. ‘ईव्ही-१’चे सारे दैव या एका विसंगतीत आहे.

मोटार मात्र खरोखर अव्वल होती. ॲलन कोकोनी या अभियंत्याने तिच्या मूळ रूपासाठी जो इन्व्हर्टर घडवला, त्याचे महत्त्व आज पटकन लक्षात येत नाही. त्या काळी विजेच्या गाड्यांमध्ये सर्रास ब्रश (फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणारे तुकडे) असलेल्या डीसी मोटर वापरल्या जात. त्यांचे नियंत्रण सोपे, परंतु ब्रश झिजतात आणि मोटर जड होते. कोकोनी यांनी बॅटरीच्या डीसीपासून थ्री-फेज एसी तयार करून साध्या, मजबूत, ब्रश नसलेल्या इंडक्शन मोटरला ती पुरवली आणि ब्रेक लावताना तीच मोटर जनित्रासारखी वापरून ऊर्जा परत बॅटरीत भरली. विक्रीच्या मोटारीत ही मोटर १०२ किलोवॉटची होती. ॲल्युमिनियमचा सांगाडा, प्लास्टिकचे पत्रे, पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ बसवलेली मागची चाके आणि पाण्याच्या थेंबासारखा आकार यांमुळे हवेच्या विरोधाचा गुणांक ०.१९ इतका खाली आला होता. त्या काळच्या सामान्य मोटारींचा तो ०.३ किंवा त्याहून अधिक असे. चावीऐवजी आकड्यांची कळपाटी होती आणि केबिन गरम-थंड करण्यासाठी हीट पंप होता.

घोडे पेंड खात होते ते बॅटरीपाशी. पहिल्या पिढीच्या मोटारीत २६ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या, म्हणजे आपल्या घरच्या इन्व्हर्टरखाली असते त्याच जातीच्या. त्यांचे वजन ५०० किलोंहून अधिक, म्हणजे १,४०० किलोंच्या मोटारीतील एक तृतीयांशाहून जास्त भार, आणि त्यांत साठणारी ऊर्जा सुमारे १६ किलोवॉट-तास. हिशेब केला तर एवढी ऊर्जा दोन लिटर पेट्रोलमध्येही असते. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर ही मोटार शंभर किलोमीटरच्या आसपास जात असे, यातच बाकीच्या रचनेचे कौतुक आले. १९९९ च्या दुसऱ्या पिढीत स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की या संशोधकाच्या कंपनीच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या मिळू लागल्या आणि पल्ला १६० ते २२५ किलोमीटरपर्यंत गेला. मात्र दुसऱ्या पिढीच्या ४५७ मोटारी बनवून त्याच वर्षी उत्पादन थांबवले गेले. आधीच्या ६६० धरून एकूण १,११७ मोटारी झाल्या.

डिसेंबर १९९६ मध्ये ही मोटार लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, फीनिक्स आणि टूसॉन येथील सॅटर्न या जनरल मोटर्सच्याच ब्रँडच्या शोरूममधून देण्यास सुरुवात झाली. शिसे-आम्ल बॅटरी थंडीत आखडते, म्हणून उबदार प्रदेशच निवडले होते. ती विकत मात्र कोणालाच मिळत नव्हती. सुमारे ३४,००० डॉलर किंमत धरून दरमहा हप्ता आकारला जाई आणि मालकी कंपनीचीच राही. माझ्या मते पुढच्या घटनांची किल्ली या भाडेकरारात आहे. कंपनीला प्रयोग आपल्या हातात ठेवायचा होता, हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे प्रयोग गुंडाळण्याची मोकळीकही तिच्याच हाती राहिली.

दरम्यान नियम ढिला होत चालला होता. मंडळाने १९९६ मध्येच २००३ पूर्वीचे टप्पे रद्द केले. अमेरिकेत १९९८ मध्ये पेट्रोल गॅलनला साधारण एक डॉलर होते आणि कंपन्यांना खरा नफा अवजड एसयूव्ही मिळवून देत होत्या. जनरल मोटर्सने १९९९ मध्ये ‘हमर’ या अवजड एसयूव्हीचे नाव विकत घेतले, यावरून वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते कळते. मार्च २००० मध्ये चार्जिंगच्या जोडणीतून आग लागण्याच्या शक्यतेमुळे पहिल्या पिढीच्या सुमारे ४५० मोटारी परत बोलवाव्या लागल्या. पुढे जनरल मोटर्स, डेमलर-क्रायस्लर ही दुसरी मोटार कंपनी आणि काही विक्रेते नियमाविरुद्ध न्यायालयात गेले, जून २००२ मध्ये नियमाला स्थगिती मिळाली आणि एप्रिल २००३ मध्ये मंडळाने तो बदलून टाकला. भाडेकरारांचे नूतनीकरण करण्यास नकार देऊन जनरल मोटर्सने मोटारी गोळा केल्या. सुमारे चाळीस मोटारी निकामी करून संग्रहालयांना आणि विद्यापीठांना दिल्या, स्मिथसोनियन संस्थेला एक अखंड मिळाली आणि उरलेल्यांपैकी बहुतेक चिरडल्या गेल्या. जुलै २००३ मध्ये चाहत्यांनी हॉलीवूडच्या एका स्मशानभूमीत मोटारीची अंत्ययात्रा काढली. २००५ मध्ये बरबँक येथे उरलेल्या सुमारे ७८ मोटारींसाठी त्यांनी पहारा दिला आणि १९ लाख डॉलर देऊ केले, परंतु कंपनी बधली नाही.

कंपनीचे म्हणणे होते की सुटे भाग मिळणार नाहीत, अपघात झाल्यास जबाबदारी आपल्यावर येईल, आणि प्रतीक्षायादीतील पाच हजारांपैकी अटी ऐकल्यावर फार थोडेच तयार झाले. पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे. तरीही टोयोटाने आपल्या विजेच्या ‘रॅव्ह-४’ तीनशेहून अधिक ग्राहकांना चक्क विकल्या, त्या नंतर अनेक वर्षे चालल्या. म्हणजे ते अशक्य होते, असे म्हणता येत नाही. ओव्हशिन्स्की यांच्या बॅटरी-कंपनीतील जनरल मोटर्सचा हिस्सा टेक्साको या तेल कंपनीकडे गेला, हा तेलाच्या कटाचा पुरावा म्हणून नेहमी दिला जातो. पण तो व्यवहार उत्पादन बंद झाल्यानंतरचा आहे, तेव्हा त्याने ‘ईव्ही-१’ मारली असे कालक्रमावरून ठरत नाही.

कोकोनी यांनी मात्र काम थांबवले नाही. त्यांच्या एसी प्रोपल्शन या कंपनीने ‘टीझीरो’ नावाची छोटी मोटार केली आणि २००३ मध्ये तिच्यातील शिसे-आम्ल बॅटऱ्या काढून लॅपटॉपमध्ये असतात तसे हजारो लिथियम-आयन सेल बसवले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या टेस्लाने आपल्या पहिल्या रोडस्टरसाठी सुरुवातीला याच कंपनीकडून तंत्रज्ञानाचा परवाना घेतला होता.