वाचकांचे प्रश्न : वॉर्निंग गेली म्हणजे पॅच बरोबर झाला का?

प्रश्न : दीड वर्ष झालं, लिनक्स कर्नलमधल्या एका ड्रायव्हरवर काम करतोय. टीममधल्या एकाचा फिक्स रिव्ह्यूला माझ्याकडे आलाय. स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, बाकीचे फिरत वाट बघतात) धरलेला असताना केमॅलॉकला (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) जीएफपी कर्नल फ्लॅग दिला होता, त्यामुळे डीबग बिल्डमध्ये 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट' येत होतं. त्याने फ्लॅग बदलून जीएफपी ॲटॉमिक केला, बस, एका शब्दाचा पॅच. मेसेज बंद, टेस्ट पास. चूक काही दाखवता येत नाहीये पण मन मानत नाहीये. रिव्ह्यूड-बाय (मी तपासलं, ठीक आहे अशी सही) देऊ का?

उत्तर : अजून देऊ नका, तुमचं मन मानत नाहीये ते बरोबरच आहे.

आधी मूळ बग बघू. जीएफपी कर्नल म्हणजे आपण सांगतो की मेमरी कमी असेल तर जुनी पेजेस मोकळी कर, मी तोवर झोपायला तयार आहे. पण स्पिनलॉक हातात घेऊन झोपलात तर त्याच लॉकसाठी दुसरा सीपीयू नुसता फिरत बसतो आणि मशीन अडकतं. मेमरी भरपूर असताना केमॅलॉक झोपतच नाही, लगेच तुकडा काढून देतो, म्हणून हा बग कित्येक दिवस दडून राहतो. डीबग ॲटॉमिक स्लीप हा तपासणीचा पर्याय चालू असेल तर मात्र झोपायची नुसती शक्यता दिसली तरी कर्नल ओरडतो, तुम्हाला दिसला तो मेसेज तोच. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने बग ओळखला बरोबर, त्याबद्दल त्याला रिव्ह्यूत आवर्जून सांगा.

आता ॲटॉमिकने काय होतं ते बघा. झोपणं बंद होतं, कर्नल केस्वॅपडीला (मागे राहून मेमरी मोकळी करणारा थ्रेड) जागं करतो पण त्याची वाट बघत नाही, आणि वर राखीव साठ्यात हात घालायची मुभा मिळते. तो साठा इंटरप्ट हँडलरसारख्या, ज्यांना थांबताच येत नाही अशा कोडसाठी ठेवलेला असतो. थांबू शकणाऱ्याने त्यातून घेतलं तर खऱ्या गरजवंताला ऐनवेळी कमी पडू शकतं.

पण मला याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. जीएफपी कर्नलने मागितलेला छोटा तुकडा (4 केबीचं पेज धरलं तर 8 पेजेस म्हणजे 32 केबीपर्यंत) सहसा मिळतोच, कारण ॲलोकेटर त्यासाठी खूप खटपट करतो. म्हणजे 'नल आला तर' (मेमरी मिळालीच नाही तर) म्हणून खाली लिहिलेला एरर पाथ तुमच्या ड्रायव्हरमध्ये बहुतेक कधी चाललेलाच नसणार. ॲटॉमिक केल्यावर तो लोडखाली खरोखर चालणार. पॅच एका शब्दाचा दिसतो पण त्याने कधी न चाललेलं कोड चालू होतंय, आणि ते कोड डिफमध्ये (पॅचने बदललेल्या ओळींत) दिसतसुद्धा नाही. म्हणून पूर्ण फाइल उघडा, नल आला असं धरा आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचा, लॉक सुटतो का, आधी घेतलेला रेफरन्स (वस्तू वापरात असल्याची नोंद) परत जातो का, गोटूची लेबलं (चूक झाली की उडी मारून जिथे आवरतात त्या जागा) उलट्या क्रमाने आहेत का. मी एकदा असाच छोटा पॅच तीन ओळी बघून पास केला होता, लॉक आणि अनलॉकच्या मधोमध एक सरळ रिटर्न होता, मेमरी भरली की मशीन थिजायचं आणि ते शोधण्यात आमचे दोन पूर्ण दिवस गेले. तेव्हापासून मी एरर पाथ वाचल्याशिवाय सही करत नाही.

मग सहकाऱ्याला विचारा, ॲलोकेशन लॉकच्या आत का आहे? बहुतेक वेळा ते वर नेता येतं. लॉक घ्यायच्या आधी जीएफपी कर्नलने नोड (लिस्टमधल्या नव्या एंट्रीची मेमरी) घ्या, मग लॉक घ्या, लिस्टमध्ये तीच एंट्री कोणी मधल्या वेळात टाकली का ते लॉकच्या आत बघा, टाकली असेल तर लॉक सोडून आपला नोड केफ्री करा (मेमरी परत द्या). केफ्रीला नल दिला तरी चालतं, त्यामुळे लिस्टमध्ये टाकल्यावर पॉइंटर नल केला की शेवटी एकच केफ्री पुरतो, वेगळा इफ नको. फक्त सगळे कॉलर (हे फंक्शन जिथून बोलावलं जातं त्या जागा) तपासा, एखादा जरी इंटरप्टमधून किंवा स्वतःच लॉक धरून येत असेल तर हे चालणार नाही, तिथे ॲटॉमिकच बरोबर, पण मग ते कारण चेंजलॉगमध्ये (पॅचसोबतच्या वर्णनात) लिहिलेलं हवं. फिक्सेस टॅगही (बग कोणत्या कमिटने आणला ते सांगणारी ओळ) मागा, कमिट हॅशची पहिली 12 अक्षरं आणि शीर्षक. आणि फेलस्लॅब लावून ॲलोकेशन मुद्दाम फेल करून एकदा चालवायला सांगा, आत्ताच्या टेस्ट पास होतायत त्यात एरर पाथ आलेलाच नाही.

प्रश्न : केमॅलॉकमध्ये संख्या गुणिले साइझ लिहिलेलं होतं, पॅचमध्ये त्याचं केकॅलॉक केलंय. एवढ्यासाठी पॅच कशाला?

उत्तर : संख्या यूझरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधून) येत असेल तर हा पॅच हवाच. 32 बिट मशीनवर 16 बाइटचं स्ट्रक्चर घ्या आणि संख्या 26,84,35,457 द्या. गुणाकार 4,29,49,67,312 येतो, तो 32 बिटात मावत नाही आणि उरतात फक्त 16. केमॅलॉक बिनबोभाट 16 बाइट देतो, म्हणजे एकाच एंट्रीची जागा, आणि खालचा लूप दुसऱ्या एंट्रीपासून दुसऱ्याच्या मेमरीत लिहायला लागतो. केकॅलॉक हा गुणाकार तपासून नल देतो, शिवाय मेमरी शून्य करून देतो, त्यामुळे जुना डेटा चुकून यूझरस्पेसला जात नाही. शून्य करायची गरज नसेल तर केमॅलॉक ॲरे वापरा, तपासणी तीच आहे. रिव्ह्यू करताना फक्त एवढं बघा की आधीचं मेमसेट (मेमरी शून्य करणारी ओळ) आता उगाच राहिलंय का, आणि साइझऑफ (आकार) पॉइंटरचा घेतलाय की पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याचा.