5 एचपीची मोटर, पाणी मात्र कमी: वीज नक्की कुठं मुरते?
तुम्ही विचारलंय, पलूसजवळ कृष्णेवरून 500 मीटर पाइपनं उसाला पाणी नेतो, बिल भरपूर आणि पाणी कमी. पाइपच बदलू का?

आधी मोजा, मग चर उकरा. आमचीही लाइन एवढीच. टोकाला 200 लिटरचं बॅरल लावलं, 50 सेकंदांत भरलं. म्हणजे सेकंदाला 4 लिटर. नदीच्या पाण्यापासून चढ 25 मीटर. 4 × 25 × 9.81 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) = 981 वॅट, खरं काम एवढंच. मोटर मात्र 4.2 किलोवॅट ओढत होती!

पंपाच्या डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला, प्रेशर गेज लावला: दर चौरस सेंटिमीटरला 4 किलो, म्हणजे साधारण 40 मीटर उंच पाणी चढवण्याइतका दाब. तिथून वरचा चढ 22 मीटर. उरलेले 18 मीटर घर्षणात गेले, म्हणजे सुमारे 700 वॅट. बाकीचे अडीच किलोवॅट पंप आणि मोटरमध्येच जात होते. पंप खोलला तर इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या) कडा वाळूनं झिजून पत्र्यासारख्या पातळ झालेल्या.

पाइपचा फरकही मोठा पडतो. प्रवाह तेवढाच धरला तर आतला व्यास 63 वरून 75 मिमी केल्यावर 18 मीटरचे साडेसात होतात, कारण घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. पण पहिला खर्च पंपावरच करा. मोजताना व्होल्टेजही टिपून ठेवा.