छत्रपती संभाजीनगरहून तुळजापूरला इलेक्ट्रिक गाडीने एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे का?

आपली गाडी ४०.५ युनिट (किलोवॅट-तास) बॅटरीची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आहे, सोबत वयस्कर आई आहेत आणि मे महिन्यात दर्शन घेऊन त्याच दिवशी परतायचे आहे, असे आपण लिहिले आहे. हे नक्की जमते. मी हाच प्रवास याच बॅटरीच्या गाडीने तीन वेळा केला आहे. मात्र वाटेत किती टक्के बॅटरी उरली याकडे पाहत बसण्याऐवजी गाडी एका युनिटमध्ये किती किलोमीटर चालते, याचा हिशेब ठेवावा.

कागदावर या गाडीची रेंज ४३७ किलोमीटर आहे, म्हणजे युनिटला जवळजवळ पावणेअकरा किलोमीटर. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. तिथे वाटेतल्या गेवराईचे ऊनही नसते आणि समोरचा वाराही नसतो. धुळे-सोलापूर महामार्गावर ताशी ८० च्या वेगाने, एसी लावून आणि चार माणसे बसवून मला युनिटला सात किलोमीटर मिळतात, तर ताशी १०० ने साडेपाचच्या आसपास. वेग सव्वापट झाला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक वाढतो, हे त्याचे कारण. बीडपर्यंतच्या सुमारे १३० किलोमीटरांत शंभरने गेल्यास वीस मिनिटे वाचतात हे खरे. पण त्यासाठी जी चार-पाच युनिटे जास्त जातात, तीच बीडचा चार्जर बंद निघाल्यास पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचवणारी असतात.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. दुसऱ्या खेपेला भर दुपारी मी बीडजवळच्या चार्जरपाशी पोहोचलो, तेव्हा त्याचा पडदा काळा होता. परिसरातली वीजच गेलेली होती. बॅटरी १४ टक्के होती. पुढे वीज असलेल्या एका ढाब्याच्या मालकांनी पाण्याच्या मोटारीचे १५ अँपिअरचे सॉकेट दिले, आईसाठी खाट सावलीत ओढली आणि वर ताकही दिले. पण अशा सॉकेटवरून तासाला अडीच-तीन युनिटे, म्हणजे जेमतेम वीस किलोमीटर मिळतात. आम्ही तिथे दोन तास बसलो. वयस्कर माणसाला मे महिन्यात असे बसवून ठेवणे बरे नव्हे, म्हणून आता मी कोणत्याही चार्जरवर ३० टक्क्यांच्या खाली पोहोचत नाही आणि निघण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्याला फोन करून यंत्र चालू असल्याची खात्री करून घेतो.

बीडच्या पुढे लागणाऱ्या मांजरसुंब्याच्या घाटाची मात्र फार धास्ती घेऊ नये. भरलेली गाडी १०० मीटर वर चढवायला साधारण अर्धे युनिट लागते आणि परतताना उतारावर त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो.

माझा क्रम असा असतो: रात्री घरी पूर्ण चार्ज करून पहाटे पाचला निघणे, कारण थंड हवेत एसीला फार वीज लागत नाही, गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच केबिन गार करून घेतली, तर तेवढी बॅटरीही वाचते. बीडला चहा-नाश्ता होईपर्यंत फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत चार्जिंग. त्यापुढे चार्जिंगचा वेग घसरतो, त्यामुळे शंभराची वाट पाहण्यात अर्थ नसतो. तिथून तुळजापूर सुमारे १३५ किलोमीटर, म्हणजे एकोणीस-वीस युनिटे. पोहोचल्यावर तीसेक टक्के शिल्लक राहते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी असते आणि चार्जरवरही रांग लागू शकते. शक्य असल्यास दुसरा वार निवडावा.

परतीच्या वाटेवर अधिक सावध राहावे. मे महिन्यात वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून वाहतो आणि आपल्याला उत्तर-वायव्येकडे यायचे असते, त्यामुळे सकाळी युनिटला सात किलोमीटर देणाऱ्या गाडीने दुपारी मला साडेसहाच दिले. म्हणून तुळजापूर किंवा धाराशिव परिसरात ८० टक्के करूनच निघावे आणि बीडला पुन्हा अर्धा-पाऊण तास थांबण्याची तयारी ठेवावी.