मालकांगोणीचा अर्क: रायदिंग घटलं, हॉट प्लेटवर फरक नाही, मग काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: मालकांगोणीच्या बियांचा पेट्रोलियम इथर अर्क स्विस अल्बिनो उंदरांना तोंडावाटे २०० आणि ४०० मिग्रॅ/किलो दिला. ॲक्टोफोटोमीटरवर (उंदराची हालचाल प्रकाशकिरणांनी मोजणारी पेटी) काउंट वाढले, ॲसेटिक ॲसिड पोटात टोचून करायच्या चाचणीत रायदिंग (कळवळून अंग आकसणं) घटलं, हॉट प्लेटवर (गरम प्लेटवर उंदीर किती वेळाने पंजा चाटतो किंवा उडी मारतो) काहीच फरक दिसला नाही. यावरून प्रबंधात 'उत्तेजक आणि पेरिफेरल (मेंदू-मज्जारज्जूबाहेर काम करणारा) वेदनाशामक' असं लिहावं का?

एवढ्यावर नको. रायदिंगमध्ये आपण वेदना मोजत नाही, एक हालचाल मोजतो: पोट आकसणं आणि मागचे पाय ताणले जाणं. जनावर सुस्त असेल, स्नायू सैल पडले असतील, तर ही हालचाल कमी होते. आणि ते सारखं इकडेतिकडे पळत असेल तरीही कमी होऊ शकते. तुमचा अर्क उंदरांना पळवतोय हे तुम्हीच ॲक्टोफोटोमीटरवर दाखवलंय. तेव्हा परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि सध्याच्या आकड्यांत त्याचं उत्तर नाही.

उत्तर मिळवायचं तर हालचालीवर अवलंबून नसलेलं काहीतरी मोजा. सगळ्यात सोयीचा कॅराजीननचा पंजा-सूज प्रयोग: रॅटच्या मागच्या पंजात सूज आणणारं १ टक्का कॅराजीनन ०.१ मिली, प्लेथिस्मोमीटरवर (पंजाचं आकारमान मोजणारं उपकरण) १, २, ३ आणि ४ तासांनी मोजणी, तुलनेला इंडोमेथॅसिन १० मिग्रॅ/किलो. सूज उंदराच्या चंचलपणाने उतरत नाही. ती उतरली, तर रायदिंगमधली घट दाहशामक असल्याला आधार मिळतो. त्याच्या जोडीला फॉर्मॅलिन चाचणी करा: मागच्या पंजाच्या तळव्यात २० मायक्रोलिटर फॉर्मॅलिन, पंजा चाटण्याचा वेळ ० ते ५ मिनिटं आणि १५ ते ३० मिनिटं असा वेगवेगळा मोजा. फक्त दुसऱ्या टप्प्यातला वेळ घटला तर दाहाशी संबंध. दोन्ही टप्प्यांत घटला तर मध्यवर्ती मज्जासंस्थेवरचा परिणाम धरावा लागतो, किंवा पुन्हा तीच हालचालीची शंका. इथे हमखास घोळ होतो तो तीव्रतेचा. बाटलीतलं फॉर्मॅलिन म्हणजे सुमारे ३७ टक्के फॉर्मॅल्डिहाइड, त्यामुळे २.५ टक्के फॉर्मॅलिन म्हणजे जेमतेम ०.९२ टक्के फॉर्मॅल्डिहाइड. कोणतं वापरलं ते स्पष्ट लिहा.

हॉट प्लेटवर फरक नसणं वाईट नाही. डायक्लोफेनॅकसारखी औषधंही तिथे सहसा दिसत नाहीत. ती चाचणी अफूवर्गीय औषधांना संवेदनशील आहे. पण 'फरक नाही' म्हणण्याआधी तुमची प्लेट फरक दाखवू शकते हे सिद्ध हवं, म्हणजे मॉर्फिन ५ मिग्रॅ/किलोचा गट हवा. परवान्याची अडचण असते, आणि ट्रामाडॉल ही पळवाट राहिलेली नाही. २०१८ पासून तेही एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली आहे. परवानगीचा अर्ज प्रयोगाच्या वेळापत्रकाच्या आधी करा. प्लेटचं तापमान ५५ ± ०.५ अंश सेल्सिअस, कटऑफ १५ सेकंद (त्यानंतर उंदीर उचलायचाच), आणि पंजा चाटणं किंवा उडी यांपैकी जे आधी होईल ते. चंचल उंदीर वेदनेशिवायही उडी मारतो, म्हणून चाटणं आणि उडी वेगळ्या रकान्यांत नोंदवा. सोबत टेल इमर्शन (शेपूट ५५ अंश पाण्यात, कटऑफ १० सेकंद) घेतलं तर बरं. शेपूट झटकणं ही मुख्यतः मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, धावपळीचा तिच्यावर तेवढा परिणाम होत नाही.

आता उत्तेजक बाजू. तुलना उंदराच्या स्वतःच्या आधीच्या काउंटशी करू नका. दुसऱ्यांदा त्याच पेटीत टाकलेला उंदीर सवयीने कमी फिरतो, अगदी व्हेइकल (अर्काशिवायचं नुसतं माध्यम) दिलेलाही. तुलना त्याच वेळेच्या व्हेइकल गटाशी. पॉझिटिव्ह कंट्रोल (परिणाम नक्की दाखवणारं तुलनेचं औषध) म्हणून कॅफीन १० ते २० मिग्रॅ/किलो पुरे. १०० च्या वर गेलात तर उंदीर उलट मंदावतात. काउंट वाढण्याचं कारण पोटातली जळजळही असू शकतं, म्हणून बार्बिट्युरेट झोपेची चाचणी जोडा: उत्तेजक झोप कमी करतो. मात्र अर्काने यकृतातली एन्झाइम्स वाढवली तरी पेंटोबार्बिटल लवकर उतरतं आणि झोप तशीच कमी होते. बार्बिटल जवळपास न बदलता मूत्रावाटे जातं. त्यावरही झोप कमी झाली तर ही शंका उरत नाही. आणि ॲक्टोफोटोमीटरवरून स्मरणशक्तीबद्दल एक ओळही लिहू नका, परंपरेचा दावा काहीही असो. 'खात' (khat) नावाची वनस्पती याच कुळातली, म्हणून मालकांगोणीतही तिच्यातलं कॅथिनोन हे उत्तेजक असेल असा तर्क काही जण चर्चेच्या प्रकरणात घुसवतात. तोही नको.

डोस पुन्हा मोजा. तेलाचा पारंपरिक डोस ५ ते १५ थेंब. १० थेंब म्हणजे साधारण अर्धा मिली, वजनाने ०.४५ ग्रॅम, ६० किलोच्या माणसात ७.५ मिग्रॅ/किलो. माणसाचा डोस उंदरासाठी बदलायला (शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने) १२.३ ने गुणलं की सुमारे ९२. म्हणजे परंपरेशी जुळणारा डोस १०० मिग्रॅ/किलो, आणि नेमका तोच तुमच्याकडे नाही. तो गट घाला. शिवाय संधिवातात हे तेल मुख्यतः चोळतात. तोंडावाटे केलेल्या प्रयोगावरून मालिशीचा दावा 'सिद्ध' होत नाही.

अर्काबद्दल दोन गोष्टी. बिया ओळखीच्या काष्ठौषधीवाल्याकडून आणल्या असतील तरी नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून किंवा आघारकर संस्थेकडून ओळखून घ्या आणि व्हाउचर क्रमांक (जतन केलेल्या नमुन्याचा नोंद क्रमांक) टाका. बाजारातलं काळं तेल वापरू नका: ते लवंग, जायफळ, जायपत्री, ऊद यांच्यासोबत बिया जाळून काढलेलं असतं, आणि लवंगेतलं युजेनॉल स्वतःच वेदनाशामक आहे. पेट्रोलियम इथरचा वास येतोय तोवर अर्क वापरायचा नाही; उरलेलं द्रावक उंदराला गुंगी आणतं. हा अर्क म्हणजे मुळात तेलच, ते नुसत्या सीएमसीत (औषध पाण्यात मिसळायचा घट्ट द्राव) तरंगतं आणि प्रत्येक उंदराला वेगळा डोस जातो. ट्वीन ८० (तेल-पाणी एकत्र ठेवणारा पदार्थ) घालून इमल्शन करा, प्रत्येक वेळी हलवून भरा, आणि कंट्रोल गटाला तेवढंच तिळाचं तेल त्याच ट्वीनमध्ये द्या. १०० मिग्रॅ/किलोसाठी १० मिग्रॅ/मिली इमल्शन केलं की २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिली बसतं.

रोटारॉडही (फिरत्या दांड्यावर उंदीर किती टिकतो) करा, म्हणजे मोठ्या डोसला स्नायूंचा तोल जातो का ते कळेल. मोजणाऱ्याला गट माहीत नसावेत. हॉट प्लेटसाठी प्रत्येक वेळेला वेगळा वन-वे अनोव्हा (गटांच्या सरासरींची सांख्यिकीय तुलना) लावू नका, रिपीटेड मेझर्स (त्याच उंदराच्या लागोपाठ नोंदी एकत्र धरणारा) लावा. हे नवे गट मूळ मंजुरीत नसतील तर आयएईसीकडून (संस्थेची प्राणी-प्रयोग नीती समिती) सुधारित प्रस्ताव मंजूर होईपर्यंत एकही उंदीर हातात घेऊ नका, आणि प्रस्तावातच गटाची संख्या ६ का ८ याचं गणित द्या. रायदिंगमध्ये उंदरागणिक फरक इतका असतो की ६ अनेकदा कमी पडतात.