बिघडलाय की खचलाय? पालकांचे प्रश्न

मुलगा वाया गेलाय की डिप्रेशनमध्ये आहे, फिरून फिरून हाच गोंधळ विचारला जातोय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

प्रश्न: डिप्रेशन असलेली मुलं गुन्हेगार होतात का?
बहुतेक नाही होत.

प्रश्न: मुलगा 15 वर्षांचा. रडत नाही, उदास दिसत नाही, उलट सतत अंगावर येतो, शाळा बुडवतो, दोनदा चोरी करताना सापडला. हे कसलं डिप्रेशन? माज आहे हा.
असेलही माज, पण तपासल्याशिवाय ठरवणारे आपण कोण? या वयात डिप्रेशन रडकंच असतं असं नाही, चिडकंही असतं, डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातसुद्धा मुलांसाठी उदास मूडऐवजी चिडचिड धरलीय. झोप, भूक, आवडीचा खेळ सुटलाय का, दोन आठवड्यांच्या वर चाललंय का ते बघा. आणि मला खरी धास्ती वाटते ती निराशेची. निराशा म्हणजे नुसता वाईट मूड नाही हो, 'माझं पुढे काही बरं होणारच नाही' ही पक्की खात्री. आरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1974 साली ती मोजायला 20 वाक्यांची प्रश्नावली केली, तिचा सगळा रोख भविष्यावर. आता ज्याला उद्याच दिसत नाही त्याला 'आयुष्य बरबाद होईल' ही धमकी काय लागणार? त्याच्या हिशेबात ते झालेलंच आहे! हे उलटंही घडतं, आधी मारामाऱ्या, मग शाळेतून काढलं, मित्र तुटले, घरात रोज बोलणी आणि मग डिप्रेशन. आधी काय आणि नंतर काय हे घरी बसून कळत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

प्रश्न: डिप्रेशनच्या ऑनलाइन टेस्टमध्ये 'सीव्हिअर' (तीव्र) आलं.
टेस्ट म्हणजे निदान नव्हे. दाखवून घ्या.

प्रश्न: एक निवासी शिबिरवाले 21 दिवसांत सुधारण्याची गॅरंटी देतात, तुरुंगही दाखवून आणतात.
गॅरंटी ऐकली की उठायचं. तुरुंग दाखवून घाबरवण्याचे प्रयोग अमेरिकेत भरपूर झाले, नंतर तपासलं तर अशा मुलांचे गुन्हे उलट वाढलेले. पैसे घालवून आणखी बिघडवून आणणार का?

प्रश्न: नातेवाईक म्हणतात डिप्रेशनच्या गोळ्यांनीच आत्महत्येचे विचार येतात. बंद करू?
स्वतःच्या मनाने अजिबात नाही. 2004 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) लहान वयासाठी तशी वॉर्निंग दिली हे खरंय, म्हणूनच सुरुवातीचे आठवडे बारीक लक्ष ठेवायचं असतं. काही वेगळं वाटलं तर लगेच डॉक्टरांना फोन, नातेवाइकांना नाही.

प्रश्न: 'मेलो तर सुटेन' म्हणतो. परीक्षा झाल्यावर डॉक्टरांकडे आणलं तर चालेल?
नाही. आज आणा. आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो डोक्यात भरत नाही. आणि तोवर एकटं सोडू नका.