परदेशात तंबू ठोकण्यासाठी साध्या, आडवळणाच्या जागा कशा शोधाव्यात?

आपण इंदूरहून विचारले आहे की, हॉटेलसारख्या सजवलेल्या कॅम्पसाइट टाळून रानातली साधी जागा परदेशात कशी मिळेल. माझ्या मते आधी देश निवडावा, कारण कायदा सर्वत्र सारखा नाही. नॉर्वेत 1957 च्या कायद्यानुसार मोकळ्या रानात, वस्तीच्या घरापासून किमान 150 मीटर अंतर राखून, एका जागी दोन रात्रींपर्यंत विनापरवानगी राहता येते. स्कॉटलंडमध्येही 2003 च्या कायद्याने अशी मुभा आहे. मात्र तेथील लॉक लोमंड या सरोवराच्या काही किनाऱ्यांवर मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. जर्मनीत रानात परस्पर तंबू लावण्यास सहसा मनाई असते.

पहिल्याच प्रवासासाठी मी न्यूझीलंड सुचवेन. तेथील संवर्धन खात्याच्या 'बेसिक' श्रेणीतील जागा विनामूल्य असतात. साधे शौचालय आणि टाकीचे किंवा ओढ्याचे पाणी, एवढीच सोय असते, आणि ते पाणी उकळूनच प्यावे. खात्याच्या संकेतस्थळावरील नकाशावर त्या सापडतात. मात्र इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर वापरलेला तंबू नेणार असाल, तर मेखा आणि बुटांचे तळवे ब्रशने घासून धुवा व विमानतळावर ते सामान जाहीर करा, कारण चिकटलेल्या मातीबाबत तेथील तपासणी फार कडक असते.

नॉर्वे, जर्मनीसह युरोपातील अनेक देशांना मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसासाठी निवासाचा पुरावा मागतात, म्हणून निदान काही रात्रींचे रीतसर आरक्षण ठेवावे. गॅसची डबी विमानात चालत नाही. ती तेथेच विकत घ्यावी.