‘अहंकारी अराजकता’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : तत्त्वज्ञानावरच्या एका लेखाचे भाषांतर करताना ‘इगोइस्ट ॲनार्किझम’ला ‘अहंकारी अराजकता’ म्हटले तर चालेल का? आणि या मताचा मूळ विचारवंत मानला जाणारा एकोणिसाव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ माक्स श्टिर्नर याच्या ‘इगो’ला मराठीत काय म्हणावे?

अराजकता आधी उरकतो. ‘अराजक’ म्हणजे मुळात ‘जिथे राजा नाही असे’. ‘ॲनार्की’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाची घडणही तीच, नकार अधिक शासक. अर्थही दोन्हीकडे बंडाळीकडेच घसरला. वाल्मीकिरामायणात दशरथ गेल्यावर ‘नाराजके जनपदे’ने सुरू होणारी श्लोकांची माळच आहे : राजा नसेल तिथे पाऊस पडत नाही, मूठभर बीसुद्धा पेरले जात नाही. फ्रेंच विचारवंत प्रूधाँने १८४० साली हीच शिवी उचलून स्वतःला लावली, तेव्हा कुठे तिचे मत झाले. अराजकता ही अवस्था आहे. मतासाठी मराठीत ‘अराज्यवाद’ आहे, तो वापरावा.

खरी अडचण ‘अहंकारी’ची आहे. श्टिर्नरचे पुस्तक लाइप्झिगच्या ओटो विगांडने १८४४च्या अखेरीस काढले (आत साल १८४५ आहे). त्याचे नाव ‘डेर आइन्त्सिगे उंड झाइन आइगनटूम’. यात ‘इगो’ कुठेही नाही. तो आला ‘द इगो अँड हिज ओन’ या १९०७च्या इंग्रजी भाषांतरातून. भाषांतर स्टीव्हन बायिंग्टनचे, पण नाव ठरवले ते प्रकाशक बेंजामिन टकरने. हे नाव मुळाला धरून नाही याची कबुली टकरने प्रस्तावनेतच दिली आणि त्याची जबाबदारीही स्वतःवर घेतली. आपण मात्र ‘इगो’ पाहिला की ‘अहं’ लिहून मोकळे होतो.

‘आइन्त्सिगे’ म्हणजे एकमेव. हा शब्द आपल्याकडे तयार आहे, आणि त्याला सांख्य तत्त्वज्ञानातल्या अहंकाराचे किंवा रोजच्या बोलण्यातल्या गर्वाचे ओझे नाही. श्टिर्नरला गर्विष्ठ माणूस अभिप्रेतच नव्हता. जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखने देवाच्या जागी ‘मनुष्य’ बसवला होता; श्टिर्नर म्हणाला, हा मनुष्यही भूतच, मानगुटीवर बसणारे. टीकाकारांना दिलेल्या उत्तरात त्याने आपला शब्द आणखी उलगडला आहे : लुडविग अशी हाक मारली की कोणी सर्वसामान्य लुडविग मनात नसतो, ज्याच्यासाठी शब्दच नाही असा समोरचा तू असतोस. म्हणून ‘व्यक्तिवाद’ हा शब्दही इथे जरा सैल पडतो. ‘व्यक्ती’त कोणीही बसते.

आता पुस्तकाच्या नावाचा दुसरा भाग. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे असे मला मनापासून वाटते. जर्मनमध्ये ‘आइगन’ म्हणजे स्वतःचे. त्यावरून आइगनटूम म्हणजे मालमत्ता, आइगनर म्हणजे मालक. श्टिर्नरचा अर्धा युक्तिवाद या शब्दकुळावर उभा आहे, आणि इंग्रजीत ते विखुरते. आपल्याकडे ‘स्व’ आहे. संस्कृतात ‘स्व’चा अर्थ ‘स्वतःचे’ असा आहे आणि ‘धन’ असाही. ‘सर्वस्व’ गमावणारा माणूस दुसरे काय गमावतो? ‘स्वामी’ही त्याच घरातला, पाणिनीने त्यासाठी ‘स्वामिन्नैश्वर्ये’ असे वेगळे सूत्र दिले आहे. तेव्हा ‘एकमेव आणि त्याचे स्व’ हे नाव मला बरेच जवळचे वाटते.

श्टिर्नरचा लाडका शब्द ‘आइगनहाइट’, तोही ‘आइगन’वरूनच. यासाठी ‘स्वत्व’ चटकन सुचते, पण आज आपण समाजाचे, राष्ट्राचे स्वत्व म्हणतो. श्टिर्नरच्या लेखी तेही भूतच ठरेल. ‘आपलेपणा’ तर भलताच, त्यात जिव्हाळा आहे. मी ‘स्वाधीनता’ घेईन. तो मुक्ती आणि आइगनहाइट यांत फरक करतो : मुक्त म्हणजे कशापासून तरी सुटलेला, दुसरा स्वतःच्या ताब्यात असलेला. स्वाधीन शब्दात नेमके हेच आहे. फक्त ‘पोलिसांच्या स्वाधीन केले’ हा प्रयोग वाचकाच्या डोक्यात येणार नाही अशी वाक्यरचना ठेवा.

राहिला ‘इगोइझम’. हा शब्द श्टिर्नरच्या काळीही निंदेचाच होता, आणि त्याने तो जाणूनबुजून निवडला. म्हणून ‘आत्मवाद’सारखा सोवळा शब्द नको. ‘आप्पलपोटेपणा’ची धार बरोबर आहे, पण तो पोटापाशीच थांबतो. ‘स्वार्थवाद’ ठेवा : बोचतो, आणि ‘स्व’च्या कुळातला आहे. फक्त पहिल्यांदा वापराल तिथे एक खुलासा जोडा. पैशाच्या हव्यासाने पछाडलेल्या माणसाला श्टिर्नर स्वतःचा मालक मानत नाही, त्या हव्यासाचा गुलाम मानतो.

तुमच्या लेखात टकरच्या ‘लिबर्टी’ नियतकालिकाचा (१८८१ ते १९०८) संदर्भ असेल, तर आणखी एक काळजी घ्या. तिथले सगळे व्यक्तिवादी अराज्यवादी स्वार्थवादी नव्हते. टकर स्वतः आधी नैसर्गिक हक्क मानत होता. १८८०च्या दशकात त्या पानांवर मोठा वाद झाला, टकर श्टिर्नरकडे वळला आणि काही जुने सहकारी दुरावले. श्टिर्नरने तर स्वतःला अराज्यवादी म्हटलेच नाही. म्हणून ‘व्यक्तिवादी अराज्यवाद’ आणि ‘स्वार्थवादी अराज्यवाद’ ही दोन नावे वेगळीच ठेवा.